कृष्णेचे पाणी चेन्नईला कोणत्या कागदावर जाते?

प्रश्न : आमच्या भागात पाटाच्या पाळीवरून भावाभावांत बोलणे बंद होते. पुतण्या चेन्नईला नोकरीला आहे. तो म्हणतो, "काका, आमच्या नळाला तुमच्याच कृष्णेचे पाणी येते." हे खरे की थाप? आणि एखादे शहर दुसऱ्या राज्याचे पाणी मिळवते तरी कसे?
– एक वाचक, रहिमतपूर

उत्तर : पुतण्या थाप मारत नाही, थोडे वाढवून सांगतो एवढेच. चेन्नई कृष्णेच्या खोऱ्यात नाही आणि कृष्णेच्या पाण्यावर तिचा वहिवाटीचा हक्कही नाही. तरीही तिला कृष्णेचे पाणी मिळते, ते 1976 च्या एका करारामुळे. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेव्हाचा अखंड आंध्र प्रदेश यांनी आपापल्या वाट्यातून दरवर्षी 5 टीएमसी, असे एकूण 15 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, पिण्यासाठी द्यायचे ठरवले. 5 टीएमसी म्हणजे किती? आपल्या कण्हेर धरणाची क्षमता 10 टीएमसीच्या आसपास आहे. म्हणजे निम्मे कण्हेर आपण मद्रासच्या नावावर लिहून दिले.

तो काळ आणीबाणीचा होता. तिन्ही राज्यांत काँग्रेसची सरकारे, तामिळनाडूत राष्ट्रपती राजवट आणि मध्यस्थीला इंदिरा गांधी. अशा हवेत सह्या लवकर होतात. आज तीच बैठक बोलावली तर चहाही वेळेवर येणार नाही, असे माझे मत आहे.

पण धोम धरणाचे दार उघडून "हे चेन्नईचे" म्हणत कुणी वेगळे पाणी सोडत नाही. हा सगळा जमाखर्च आहे. कृष्णेचे पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560 टीएमसी दिले, त्यातले 5 टीएमसी आपण वापरायचे नाहीत आणि नदीतून खाली जाऊ द्यायचे. प्रत्यक्ष पाणी उचलले जाते ते पार आंध्रात, श्रीशैलमच्या जलाशयातून. तिथून कालव्याने पेन्ना नदीवरच्या सोमशिला धरणात, पुढे कंडलेरूला आणि कंडलेरूपासून सुमारे 152 किलोमीटर कालव्याने तामिळनाडूच्या हद्दीवर. हद्दीपासून आणखी 25 किलोमीटरवर पूंडी तलाव आहे. तेलुगू गंगा म्हणतात ती हीच योजना. करार 1976 चा, आंध्र आणि तामिळनाडू यांच्यातला तपशीलवार करार 1983 चा आणि हद्दीवर पाणी पोचले 1996 साली. सही आणि पाणी यांच्यात वीस वर्षे गेली.

आता करारात असते काय, ते पाहू. पाटाच्या पाण्यासाठी आपण सात नंबरचा अर्ज भरतो तेव्हा क्षेत्र, पीक, हंगाम लिहून द्यावे लागते. राज्यांचा करारही मुळात तसल्याच प्रश्नांची उत्तरे लिहून घेतो. किती, केव्हा आणि कुठे मोजून? चेन्नईच्या करारात 15 पैकी 3 टीएमसी वाटेत मुरणार आणि उडून जाणार हे आधीच धरले आहे. म्हणून मोजणी होते ती हद्दीवर आणि तिथे 12 टीएमसी भरले पाहिजे : जुलै ते ऑक्टोबरात 8, जानेवारी ते एप्रिलात 4. पाण्याला दर नाही, मात्र कालव्याच्या खर्चाचा वाटा तामिळनाडूने उचलायचा.

मोजायची जागा हे सगळ्यात महत्त्वाचे कलम. श्रीशैलमला मोजले असते तर वाटेतला सगळा तोटा चेन्नईच्या अंगावर पडला असता. इतके शहाणपणाने लिहूनही बहुतेक वर्षी 12 टीएमसी पुरे मिळालेले नाहीत. कारण तुम्हाला सांगायला नको. चेन्नई टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटी आहे. वाटेत आंध्रातल्या रायलसीमेची तहानलेली शिवारे आहेत, कालव्यावर चोरून मोटारी बसतात आणि दुष्काळी वर्षी धरणाचा मालक आधी आपल्या माणसांकडे पाहतो. कंडलेरूचा कालवा इतका गळत होता की शेवटी पुट्टपर्तीच्या सत्यसाई ट्रस्टने पैसे घालून तो दुरुस्त केला. कागदावरच्या हक्काला धड कालवा नसेल तर काय होते, ते इथे दिसले. चेन्नईनेही मग समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने उभारले.

वरचा पाणी अडवेल ही भीती ओळखून सिंगापूरने दुसरा मार्ग धरला. 1962 च्या करारानुसार मलेशियातल्या जोहोर नदीतून ते रोज 25 कोटी गॅलनपर्यंत पाणी घेऊ शकते, थेट 2061 सालापर्यंत आणि हजार गॅलनला 3 सेन या दराने. 1965 मध्ये मलेशियापासून वेगळे होताना या पाण्याची हमी विभक्त होण्याच्या करारातच घालून घेतली. दर वाढवून मागत मलेशिया वर्षानुवर्षे कुरकुरतो आहे, पण पाणी तोडलेले नाही.

करार नसताना काय होते, ते 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेने पाहिले. लातूरला रेल्वेने कृष्णेचे पाणी गेले. आधी 10 वाघिणींतून 5 लाख लिटर, नंतर 50 वाघिणींतून 25 लाख लिटर. काम पुण्याईचे होते, पण एक टीएमसी न्यायला अशा गाडीच्या 11 हजारांहून अधिक फेऱ्या लागतील. वर रेल्वेचे वाहतुकीचे बिल आले सुमारे 4 कोटींचे, आणि ते द्यायचे कुणी यावर चर्चा रंगली.

आपण नेहमीच हेडला, म्हणजे वरच्या टोकाला असतो असेही नाही. सांगली जिल्ह्यात जतच्या पूर्व भागातली गावे म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्याची वाट पाहत बसली आणि हद्दीपलीकडे कर्नाटकची तुबची-बबलेश्वर योजना वाहू लागली. उन्हाळ्यात कर्नाटक कोयनेचे पाणी मागतो. 2019 मध्ये अशीच मागणी आली तेव्हा महाराष्ट्राने पैशांऐवजी पाण्याला पाणी अशी अट पुढे केली : आम्ही 4 टीएमसी सोडतो, तुम्ही तितकेच जत, अक्कलकोटकडे द्या. मला हा सौदा पैशापेक्षा सरस वाटतो. दर वर्षाला बदलतो, पण दोन्हीकडची तहान सारखी असली की दोघेही शब्द पाळतात.

राज्यातल्या राज्यातही फुकट काही नाही. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांच्या पंपांचे वीजबिल थकले की पंप बंद, हे दुष्काळी तालुक्यांनी भोगले आहे. म्हणून बिलाचे 81 टक्के सरकारने आणि 19 टक्के शेतकऱ्याने भरायचे असे सूत्र ठरले. शेतकऱ्याकडची पाणीपट्टी बहुधा उसाच्या बिलातून कापली जाते. तुमच्या शेजारचीच जिहे-कठापूर योजना कृष्णेचे पाणी उचलून खटावातल्या नेर तलावात आणि पुढे बोगद्याने माणमधल्या आंधळी धरणात नेते. तिथेही वीजबिल कोण भरणार हाच प्रश्न कायमचा राहणार. रहिमतपूरच्या मशिदीजवळची हत्तीची पन्नासेक फुटी मोट आठवा. तिथे हत्तीचा चारा दिला की काम भागत असे.

पुतण्याला कळवा की त्याच्या पाण्यात आपला हिस्सा आहे, पण ते येते आंध्राच्या हातून. आणि तुम्ही एक करा. नगरपालिका धरणाचे किंवा नदीचे पाणी उचलते, तेव्हा तिचाही जलसंपदा खात्याशी करार असावा लागतो. माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाका. मंजूर कोटा किती, मीटर कुठे बसवला आहे आणि थकबाकी किती, एवढे तीनच प्रश्न विचारा.