चार पंख्यांचे विमान : जोडणी आणि चाचणी

छताचा पंखा हवा खाली ढकलतो, तेव्हा हवाही त्याला तितक्याच जोराने वर ढकलत असते. पंखा हलका करून खूप वेगाने फिरवला, तर तो वर उचलला जाईल. पण एक अडचण येईल. मोटर पंख्याला एका दिशेने फिरवते, म्हणून मोटरीचा सांगाडा उलट दिशेने गरगरू लागेल. हा न्यूटनचा तिसरा नियम. यावर उपाय म्हणजे चार पंखे घ्यावयाचे. दोन सव्य, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, आणि दोन अपसव्य फिरवावयाचे. मग गरगरणे परस्परांत फिटते.

फ्रान्समध्ये १९०७ साली ब्रेगे बंधू आणि प्राध्यापक रिशे यांनी असे चार पंख्यांचे यंत्र जमिनीवरून उचलले होते. मात्र ते डगमगू नये म्हणून चार माणसांना चार कोपरे धरून ठेवावे लागले. आज त्या चौघांचे काम उड्डाणनियंत्रक नावाची आगपेटीएवढी पट्टी करते. तिच्यातील जायरोस्कोप यंत्र किती कलले हे सेकंदाला शेकडो वेळा मोजतो आणि त्याप्रमाणे चारही मोटरींचा वेग कमीजास्त होतो.

साहित्य : ४५ सेंमी कर्णाची फुलीच्या आकाराची चौकट, चार ब्रशविरहित मोटरी, चार वेगनियंत्रक, १० इंची पंखे (दोन सव्य, दोन अपसव्य), ११.१ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी, वीजवाटप पट्टी, उड्डाणनियंत्रक, रिमोट व त्याचा रिसीव्हर.

पंखे एकमेकांना लागणार नाहीत ना? हिशेब करा. शेजारच्या दोन मोटरींतील अंतर ४५ ÷ १.४१, म्हणजे सुमारे ३२ सेंमी. पंख्याचा व्यास २५.४ सेंमी. मध्ये साडेसहा सेंमी मोकळी जागा राहते.

जोडणी : (१) मोटरी चौकटीच्या टोकांवर बसवा. स्क्रू लांब असेल तर आतील वेटोळ्यांना टेकतो. तेवढे पाहून घ्या. (२) प्रत्येक वेगनियंत्रकाच्या तीन तारा मोटरीच्या तीन तारांना जोडा. येथे क्रम कोणताही चालतो. (३) वेगनियंत्रकाची जाड लाल तार वाटप पट्टीच्या धन बाजूला आणि काळी ऋण बाजूला सोल्डर करा. येथे मात्र क्रम चुकला तर वेगनियंत्रक क्षणात जळतो. (४) संदेशाच्या बारीक तारा उड्डाणनियंत्रकाला त्याच्या नकाशातील क्रमांकांप्रमाणे लावा. (५) उड्डाणनियंत्रक मधोमध, बाण पुढे करून, फोमच्या चिकटपट्टीवर बसवा. फोममुळे मोटरींची थरथर जायरोस्कोपपर्यंत कमी पोचते. (६) रिसीव्हरला ५ व्होल्ट लागतात. ते उड्डाणनियंत्रकावरून द्या, बॅटरीवरून थेट देऊ नका.

पंखे अजून लावू नका! ते सर्वांत शेवटी. वेगाने फिरणारे पाते बोट कापू शकते.

पहिली चाचणी : बॅटरी न जोडता मल्टिमीटरने धन व ऋण बाजू तपासा. क्षणभर आवाज येऊन थांबला तर काळजी नाही. सतत येत राहिला तर कोठेतरी शॉर्ट सर्किट आहे.

दुसरी चाचणी : मोटारगाडीचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा बॅटरीच्या धन तारेत एकसरीने जोडा आणि मग बॅटरी लावा. दिवा क्षणभर चमकून विझला किंवा अगदी मंद राहिला, तर जोडणी ठीक आहे. तो प्रखर पेटून राहिला तर लगेच बॅटरी काढा. चूक असूनही काही जळणार नाही, कारण या दिव्यातून फार तर २ अँपिअर प्रवाह जातो. दिवा नसता तर हीच बॅटरी पन्नासहून अधिक अँपिअर देऊन तारा वितळवू शकली असती. पाचपन्नास रुपयांचा दिवा हजारोंचे साहित्य वाचवतो.

तिसरी चाचणी : दिवा काढून बॅटरी थेट लावा. मोटरीच्या दांड्यांवर कागदाची चिमुकली पट्टी चिकटवा आणि एकेक मोटर अगदी हळू फिरवा. पुढची डावी व मागची उजवी सव्य, उरलेल्या दोन अपसव्य फिरल्या पाहिजेत. एखादी उलट फिरली तर बॅटरी काढून तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. आता दिशा पाहून योग्य पंखे घट्ट बसवा.

उड्डाण किती वेळ होईल? बॅटरी २.२ अँपिअर-तासांची आहे आणि तरंगताना एकूण १२ अँपिअर लागतात असे समजा. २.२ × ६० ÷ १२ = ११ मिनिटे. पण बॅटरी पूर्ण रिती केली तर ती कायमची बिघडते. म्हणून पाचवा भाग शिल्लक ठेवून नवव्या मिनिटापूर्वी खाली उतरा. फुगलेली बॅटरी वापरू नका; चार्ज करताना ती फरशीवर ठेवा आणि मोठ्या माणसाला जवळ बसवा. लिथियमची आग सहज विझत नाही.

भारतात २०२१ साली ड्रोन नियम लागू झाले आणि आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल भाग ठरवले गेले. आपले मैदान कोणत्या भागात येते आणि नोंदणीचे काय, हे शिक्षकांबरोबर आधी पाहा. पहिले उड्डाण माणसांपासून दूर, गवतावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर करा.

विचार करा : यंत्राला उजवीकडे वळवावयाचे, पण वरखाली होऊ द्यावयाचे नाही. कोणत्या दोन मोटरींचा वेग वाढवाल आणि कोणत्या दोघींचा कमी कराल? उत्तर पहिल्या परिच्छेदातच आहे.