माकडांचे तीन इशारे

समजा, तुम्ही घरच्या मंडळींबरोबर केनियातील अंबोसेली उद्यानात न्याहारीला बसला आहात. काळ्या तोंडाचे एक व्हर्वेट माकड येते आणि तुमच्या बशीतला पाव पळवते. सगळे हसतात. तोच दुसरे माकड भुंकल्यासारखे ओरडते आणि चोरासकट सारी टोळी झाडावर!

हा बिबट्याचा इशारा. गरुडाचा इशारा वेगळा. तो ऐकून माकडे वर पाहतात, झुडपात शिरतात. सापाचा इशारा झाला की मागच्या पायांवर उभी राहून गवतात शोधतात. इशाऱ्यात गल्लत झाली तर जिवावर बेतेल. कारण गरुड झाडावरचे माकडही उचलतो.

पण हे नुसते भीतीचे ओरडणे नव्हे कशावरून? सेफर्थ, चेनी व मार्लर या शास्त्रज्ञांनी हे आवाज ध्वनिमुद्रित केले आणि शत्रू जवळ नसताना लपवलेल्या ध्वनिक्षेपकातून ऐकवले. माकडे तशीच वागली! हा प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. पिल्ले मात्र शिकाऊ. गळते पान पाहूनही ती गरुडाचा इशारा देतात.

तुमच्या अंगणातल्या साळुंक्या मांजर आणि घार पाहून सारख्याच ओरडतात का? ऐका आणि वहीत नोंदवा.