रांग कोठे सुरू होते?

कर्करोग म्हटले की परळच्या टाटा रुग्णालयाचे नाव आपल्या ओठांवर येते. तेथील बाह्यरुग्ण विभागातील गर्दी आणि पदपथावर पथारी टाकलेले नातेवाईक हे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘रुग्णालये वाढवा, म्हणजे रांग संपेल’ असे आपण सहज म्हणतो. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून या प्रश्नाचा विचार करताना मला मात्र वाटू लागले की, आपल्याला दिसते ते रांगेचे शेवटचे टोक. ती सुरू कोठे होते, हा खरा प्रश्न आहे.

रुग्णाच्या वाट्याला प्रतीक्षा तीन टप्प्यांनी येते. पहिली, लक्षण जाणवल्यापासून डॉक्टरांकडे जाईपर्यंतची. दुसरी, तेथून निदान पक्के होईपर्यंतची. तिसरी, निदानापासून उपचार सुरू होईपर्यंतची. चर्चा बहुधा तिसरीचीच होते.

माझ्या मावशीला स्तनातील गाठ आषाढात जाणवली. दुखत नव्हती, म्हणून ती कोणाशी बोलली नाही. पुढे सोयाबीनची काढणी आली, मग दिवाळी. गावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तालुक्याहून जिल्ह्याला जाणे, तुकडा तपासायला देणे, अहवालासाठी पुन्हा खेटे घालणे, यात पौष उजाडला. शस्त्रक्रिया माघात झाली, तेव्हा रोग काखेतील गाठींपर्यंत पोहोचला होता. मोठ्या रुग्णालयाने तिला अवघे अठरा दिवस थांबवले. त्याआधीचे सहा महिने कोणत्याच वहीत नाहीत.

या दिवसांना किंमत असते. २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, अनेक प्रकारच्या कर्करोगांत शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली तर मृत्यूचा धोका सुमारे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो.

टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. परंतु एकाच नामवंत संस्थेकडे सारा महाराष्ट्र, किंबहुना सारा देश, धाव घेऊ लागला की तेथे रांग लागणारच. शासकीय योजनेमुळे उपचाराचा खर्च भागला, तरी बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि सोबत्याचा मुक्काम यांचा भार घरावरच पडतो. किरणोपचार तर पुष्कळदा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतात. अंतर हीसुद्धा एक किंमतच आहे, आणि ती न परवडणारा रुग्ण रांगेत दिसतच नाही.

यावर उपाय आपल्याच मातीत सापडतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. कार्यकर्ते गावोगाव जाऊन नोंदी करू लागले, लक्षणे समजावून सांगू लागले. पुढील काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या टप्प्यात येण्याचे प्रमाण वाढले. शेजारच्या तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एच.पी.व्ही. तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा निष्कर्ष २००९ साली जगापुढे आला. ज्या भागाला आपण मागास म्हणतो, त्याने जगाला हा धडा दिला!

दुसरा धडा मोजणीचा. संशयित रुग्णाला तातडीने पाठवल्यापासून ६२ दिवसांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असा इंग्लंडमध्ये दंडक आहे. गेली कित्येक वर्षे तो पुरेसा पाळला जात नाही, हे खरे. पण किती जणांना उशीर झाला याचे आकडे दरमहा प्रसिद्ध होतात, आणि म्हणूनच तेथे सरकारला जाब विचारता येतो. जे मोजले जात नाही, त्याचा जाब कोणाला विचारणार?

तेव्हा नवी रुग्णालये हवीतच. पण त्याबरोबर तालुक्याला तपासणी, जिल्ह्याला वेळेत अहवाल आणि प्रत्येक रुग्णाच्या पहिल्या लक्षणाच्या तारखेची नोंद हवी. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण श्रमदान करतो. दत्तक गावातील आशाताईंच्या मदतीने यंदा घरोघरी एवढेच विचारावे : “त्रास कधी जाणवला, आणि डॉक्टरांकडे कधी गेलात?” या दोन तारखांमधील अंतर कळले, तर रांगेचे पहिले टोक आपल्या हाती लागेल.