वणव्यासाठी लोडरची टाकी : लिटरआधी किलोचा हिशेब

कारागीर व व्यापारी बंधूंनो, आपल्याच जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात गौताळा-औट्रम घाट अभयारण्य आहे. १९८६ साली घोषित झालेले, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे जंगल पानझडीचे आहे. फेब्रुवारीनंतर तेथील गवत व पाला वाळतो आणि विडीचे एक थोटूकही वणव्याला पुरते. वनखाते जाळरेषा काढते, उपग्रहावरून आगीची खबरही मिळते. पण खबर पोहोचली तरी पाणी पोहोचत नाही, कारण रस्त्यावरचा टँकर चढणीच्या पायवाटेवर चालत नाही.

यासाठी लोडरच्या किंवा ट्रॅक्टरच्या हातांना जोडायची, पंप व नळी बसवलेली टाकी उपयोगी पडते. बिडकीनसारख्या गावात वेल्डिंग करणाऱ्यांना ती अवघड नाही. मात्र हिशेब चुकला तर चालकाचा जीव जातो. म्हणून आम्ही चार गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट वजनाची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. समजा, यंत्राच्या पुस्तकात ८०० किलो उचलण्याची मर्यादा दिली आहे आणि रिकामी टाकी, चौकट व पंप मिळून २०० किलो होतात. मग पाणी ६०० लिटरच, त्याहून एक बादलीही जास्त नाही. उतारावर तर त्याहूनही कमी.

दुसरी, हिंदकळण्याची. अर्धी भरलेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. वळणावर सगळे पाणी एका बाजूला धावते आणि यंत्र उलटते. आत भोके पाडलेले आडवे-उभे पत्रे घालावेत. चालताना टाकी जमिनीलगत ठेवावी.

तिसरी, फवाऱ्याची. ३० अंशांचे पाणी उकळायला जितकी उष्णता लागते, त्याच्या सुमारे साडेसात पट उष्णता त्याची वाफ होताना शोषली जाते. म्हणून आग विझवते ती मुख्यतः वाफ. मोठ्या धारेने मिनिटाला ३०० लिटर सोडले तर ६०० लिटर दोन मिनिटांत संपतात. बारीक फवाऱ्याने ३० लिटर सोडले तर वीस मिनिटे पुरतात. टाकी पुन्हा भरण्याची सोयही आधी पाहावी. वर ठेवलेला पंप सहा-सात मीटरपेक्षा खोल पाणी ओढत नाही आणि उन्हाळ्यात आपल्या विहिरी त्याहून खोल जातात. तेथे पाण्यातला पंपच हवा.

चौथी गोष्ट कापडवाल्यांना लगेच कळेल. कोऱ्या मांजरपाटावर पाण्याचा थेंब तसाच उभा राहतो, कारण कापसाच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असते. वाळलेल्या पाल्याच्या थरातही पाणी सहज मुरत नाही, वरून ओघळते. वणव्यासाठी मिळणारे फेसाचे द्रावण शेकडा ०.१ ते १ या प्रमाणात मिसळले की पाणी आत शिरते. अर्धा टक्का धरला तर ६०० लिटरला तीन लिटर. ते ओढ्यात सांडू नये. अशा टाकीतून पिण्याचे पाणी तर कधीच देऊ नये.

चालकाला एवढे बजावून सांगावे : आगीच्या तोंडासमोर जाऊ नये, जळून गेलेल्या बाजूने कडेकडेने विझवत जावे आणि परतीची वाट मोकळी ठेवावी.

ऑर्डर आली की गिऱ्हाइकाला आधी लिटर विचारू नका, यंत्राचे पुस्तक मागा. माल देण्यापूर्वी टाकी भरून आणि अर्धी ठेवून, दोन्ही वेळा सपाट मैदानात चालवून पाहा. स्वस्तात दिलेली मोठी टाकी नफ्याची नव्हे, जोखमीची असते.