उसांतील बिबट्या आणि आपला बचाव

गळिताचा हंगाम आला कीं कारखान्याच्या टोळ्या कोयते घेऊन आपल्या शिवारांत उतरतात. अशा वेळीं ऊस लावणाऱ्या बांधवांपुढें बिबट्यापासून माणसाच्या बचावाचा विषय मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें. या विषयावर गांवोगांव बोलणें पुष्कळ होतें. परंतु तें बहुधा ‘पिंजरा लावा’ किंवा ‘गोळी घाला’ एवढ्यावरच संपतें. बचावाचीं खरीं कामें याहून निराळीं आहेत, आणि त्यांतलीं बहुतेक आपल्याच हातचीं आहेत.

प्रथम बिबट्या आपल्या शिवारांत कां राहतो तें पाहूं. जुन्नर, आंबेगांव, शिरूर, संगमनेर, अकोलें या भागांत धरणांचें पाणी फिरलें आणि जिरायत रानांत ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष जमिनीवर असतो. बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ अवघा सुमारें तीन महिन्यांचा. गारवा, दडण, पाणी आणि वस्तीवरचीं कुत्रीं व शेळ्या हें सर्व एके ठिकाणीं मिळाल्यावर तिनें उसांतच पिलें घालावीं यांत नवल नाहीं. अकोलें तालुक्यांत शास्त्रज्ञांनीं केलेला अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. जंगल नसलेल्या त्या शेतीच्या पट्ट्यांत दर १०० चौरस किलोमीटरांस सुमारें ५ बिबटे आढळले, आणि त्यांच्या आहारांत सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. तेव्हां हें जनावर जंगलांतून चुकून आलें, तें परत नेऊन सोडलें म्हणजे झालें, ही समजूत आतां टाकली पाहिजे.

तसें सोडून पाहिल्याचें फळही आपल्यासमोर आहे. जुन्नर भागांत १९९३ ते २००१ या काळांत माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत. पुढें बिबटे धरून दूर सोडण्याचा सपाटा लागल्यावर ही सरासरी १७ वर गेली. धरलेलें जनावर बिथरतें, अनोळखी मुलुखांत भटकतें, आणि मोकळ्या पडलेल्या जागीं दुसरें जनावर येतें. जो बिबट्या माणसांवर वारंवार चालून येतो त्यास पकडलेंच पाहिजे, याबद्दल आमचें दुमत नाहीं. पण दिसला बिबट्या कीं लाव पिंजरा, हा बचाव नव्हे.

आतां हल्ला कसा होतो तें लक्षांत घ्यावें. बिबट्या बहुधा आडोशानें जवळ येतो आणि मान धरतो. उभा माणूस त्यास भक्ष्य वाटत नाहीं. वाकलेला, बसलेला माणूस किंवा लहान मूल हें मात्र त्याच्या नेहमींच्या शिकारीएवढें दिसतें. पुढील नियम यावरूनच निघतात.

(१) सायंकाळपासून उजाडेपर्यंत उसाच्या कडेनें एकट्यानें जाऊं नये. पाणी धरणें भाग असेल तर दोघांनीं जावें, हातांत काठी व विजेरी असावी, आणि मोठ्यानें बोलत जावें. रात्रीं पाणी धरावें लागतें तें वीज रात्रीं मिळते म्हणून. यास्तव दिवसा वीज मिळण्याची मागणी सोसायट्यांनीं सोडूं नये.

(२) उघड्यावर शौचास बसणें हें या भागांत जिवावरचें काम आहे. शौचकूप घराजवळ, दिव्याच्या उजेडांत असावा.

(३) घर आणि ऊस यांमध्यें निदान २० ते २५ हात जागा स्वच्छ व मोकळी ठेवावी. शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनीं व वरूनही बंद असावा. उष्टें-खरकटें व मेलेलीं जनावरें उघड्यावर टाकूं नयेत. त्यावर कुत्रीं जमतात, आणि कुत्र्यांमागें बिबट्या.

(४) बिबट्या समोर आलाच तर पळूं नये, वाकूं नये, पाठ फिरवूं नये. लहान मुलास उचलून घ्यावें, हात वर करून ओरडावें, आणि त्यास निघून जाण्यास वाट ठेवून हळूहळू मागें सरावें. अंगावर आलाच तर मान सांभाळून हातीं लागेल त्या वस्तूनें झुंजावें.

(५) बिबट्या दिसल्यावर गर्दी करून त्यास घेरूं नये. कोंडलेलें जनावर जो पुढें येईल त्यास फाडतें. वन खात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें.

(६) कुंपणाच्या तारेंत थेट वीज सोडूं नये. हा गुन्हा आहे, आणि त्या तारेस पहिला हात बहुधा आपल्याच माणसाचा लागतो.

(७) जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी, आणि लगेच रुग्णालयांत जाऊन पिसाळरोगाची लस घ्यावी.

हे नियम बागाईतदार आपल्या घरापुरते पाळूं शकतो. परंतु आपल्याच रानांत कांहीं माणसें अशीं असतात कीं ज्यांस हे नियम पाळण्याची सोयच नसते. महसूल खात्यांत कारकून असतां आम्ही एका पंचनाम्यास गेलों होतों. ऊसतोडीच्या टोळींतील एक मूल गेलें होतें. कोपी उसापासून चार-पांच पावलांवर, दाराच्या जागीं बारदान, दिवा नाहीं. आई पहांटेच्या अंधारांत तोडीस गेलेली. पलीकडे मालकाच्या घरास लोखंडी दार होतें आणि अंगणांत रात्रभर दिवा जळत होता. आम्ही वेळ लिहिली, जखमा लिहिल्या, पावलांच्या खुणा लिहिल्या. कोपीस ती जागा कोणी दिली, हें लिहावयास रकाना नव्हता. शेवटीं ‘आकस्मिक मृत्यु’ असें लिहून आम्ही सही केली. तो शब्द आम्हांस अजून बोचतो.

म्हणून आमची विनंती अशी. टोळी येण्यापूर्वीं कोप्यांसाठीं उसापासून दूर, मोकळी जागा काढून द्यावी. रात्रभर जळेल असा दिवा आणि बांबूचें कां होईना, पक्कें दार द्यावें. आईबाप तोडीवर असतां मुलें फडाच्या कडेस न ठेवतां एका राखणदार बाईच्या हवालीं असावींत. तोड सुरू करतांना आधीं मोठा आवाज करावा, आणि एका अंगानें तोडीत जाऊन दुसरी बाजू जनावरास निघून जाण्यास मोकळी ठेवावी. पिलें सापडल्यास त्यांस घरीं नेऊं नये. तोड थांबवून वन खात्यास कळवावें. तीं त्याच जागीं ठेवल्यास मादी बहुधा रात्रीं येऊन नेते. हरवल्यास चवताळून तेथेंच घिरट्या घालते.

कायद्याविषयीं दोन शब्द. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ प्रमाणें स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठीं सद्भावनेनें जनावर मारलें किंवा जखमी केलें तर तो गुन्हा नाहीं. मात्र तें जनावर सरकारजमा होतें. ही मुभा ओढवलेल्या प्रसंगापुरती आहे. सूडानें फांस लावण्यास किंवा विष घालण्यास ती लागू नाहीं. माणूस दगावल्यास वारसांस मिळणारी रक्कम महाराष्ट्र सरकारनें २०२३ सालीं २५ लाख रुपये केली. परजिल्ह्यांतून आलेल्या मजुरास हें ठाऊक नसतें. त्याचा अर्ज लिहून वेळेंत पोंचविणें हें ज्याच्या फडांत तो राबतो त्याचें काम आहे.

बिबट्या आपल्या उसानें आणला. तो ऊस काढून टाकण्यास कोणी तयार नाहीं, आणि तें कोणी म्हणतही नाहीं. मग त्या उसापायीं येणारा धोका आपल्या दारापुरता अडवून मजुराच्या कोपीवर ढकलूं नये, एवढें तरी आपण करावें. एक दार आणि एक दिवा यांचा खर्च एका खेपेच्या उसाहून जास्त नाहीं.