गोखले संस्थेची प्रकाशने आणि गावचे दप्तर

१९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने कुळांना संरक्षण दिले. त्यानंतरच्या काही वर्षांत अनेक कुळांच्या ताब्यातील जमिनी सुटल्या. दप्तर पाहावे तर कायद्याचा भंग कोठेच झालेला नव्हता; कुळांनी जमिनी राजीखुशीने सोडल्याच्या नोंदी रीतसर होत्या. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व जी. जे. खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. तिचा अहवाल १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. ही राजीखुशी बव्हंशी नावापुरती होती आणि कायद्याचे संरक्षण कुळापर्यंत फारसे पोहोचलेच नव्हते, असा त्याचा निष्कर्ष होता. नोंद बिनचूक असूनही वस्तुस्थिती निराळी असू शकते, हे या अहवालाने जितक्या स्पष्टपणे दाखविले तितके क्वचितच कोणी दाखविले असेल.

ही संस्था १९३० मध्ये भारत सेवक समाजाच्या छत्राखाली, रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ हे तिचे पहिले संचालक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३९ मध्ये संघराज्य या विषयावर दिलेले प्रसिद्ध व्याख्यान येथीलच काळे स्मृती व्याख्यानमालेतील होय. १९५९ पासून संस्थेचे ‘अर्थविज्ञान’ हे त्रैमासिक सुरू झाले. परंतु संस्थेची खरी ओळख तिच्या पाहणी-अहवालांत आहे. वाई तालुक्यातील शेतीव्यवसाय, पुणे व सोलापूर शहरांचे सामाजिक-आर्थिक जीवन असे त्यांचे विषय मर्यादित प्रदेशाचे असत. आणि तेच त्यांचे बळ ठरले.

यांपैकी गोदावरी व प्रवरा कालव्यांवरील गाडगीळांचा १९४८ चा अहवाल आजही मुद्दाम वाचण्याजोगा आहे. दख्खनचे कालवे दुष्काळनिवारणासाठी काढलेले. पाणीपट्टीच्या उत्पन्नातून त्यांवरील खर्च भरून निघत नसे, म्हणून सरकारी हिशेबात ते तोट्याचे ठरत. गाडगीळांनी हिशेबाची चौकटच बदलली. भिजणाऱ्या भागाची तुलना त्यांनी लगतच्या कोरडवाहू भागाशी केली. पाण्यामुळे पिकाचे उत्पन्न किती वाढले एवढ्यावर न थांबता मजुरी, व्यापार आणि इतर व्यवसाय यांत झालेली वाढही त्यांनी लाभात धरली. तोटा कोणाच्या वहीत आणि लाभ कोणाच्या घरात, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच नीट मांडला गेला. पुढे १९५० मध्ये याच प्रवरा परिसरात, लोणी येथे, सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. अभ्यासकाला आपल्याच पाहणीच्या मुलखात अशी जबाबदारी पत्करावी लागणे, हा योग विरळाच.

लोकसंख्येच्या अभ्यासात दप्तराची उणीव अधिकच जाणवते. वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्यू यांची पाहणी केली; तिचा अहवाल १९५३ मध्ये निघाला. जन्ममृत्यूच्या नोंदी अपुऱ्या असल्या म्हणजे घरोघर जाऊन विचारण्यावाचून गत्यंतर नसते आणि विचारणेही सोपे नसते. वयाचा दाखला नसलेल्या स्त्रीचे वय एखाद्या दुष्काळाच्या किंवा साथीच्या आठवणीवरून ठरवावे लागते. काही दिवसांचे होऊन गेलेले मूल तर आईच्या उत्तरातूनही निसटते. कधी विस्मरणाने, कधी दुःखाने. ते निसटले की बालमृत्यूचे प्रमाण कमी दिसते. मग सुईण, लस किंवा दवाखाना यांची निकड त्या गावाला नाही, असा उलटा अर्थ निघू शकतो.

कुमुदिनी दांडेकरांनी पुढे रोजगार हमी योजनेकडेही याच दृष्टीने पाहिले. १९८३ मधील त्यांच्या पुस्तकाने योजनेचा विचार स्त्रियांना मिळालेली रोजगाराची संधी म्हणून केला. अशा कामावरच्या हजेरीपटाकडे केवळ मजुरांची संख्या म्हणून पाहणाऱ्याच्या ही बाब सहसा लक्षात येत नाही.

१९८३ मध्येच राज्य शासनाने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाविषयी सत्यशोधन समिती नेमली. तिचा १९८४ चा अहवाल हे संस्थेचे प्रकाशन नव्हे. पण मोजल्यावाचून बोलायचे नाही ही शिस्त तीच. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याच्या सरासरीशी तुलना करून समितीने सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. अनुशेष हा शब्द त्यानंतर गावच्या सभेतही रुळला.

या प्रकाशनांची एक उणीव मात्र नजरेआड करता येत नाही. ती बहुतांशी इंग्रजीत आहेत. ज्या गावांनी माहिती दिली त्या गावांना आपल्याविषयी काय लिहिले गेले हे वाचता आले नाही. निवडक अहवालांचे सोपे मराठी सारांश पंचायत समित्यांच्या हाती पडते तर माहितीची ही एकतर्फी वाहतूक थोडी तरी थांबली असती.

१९६९ च्या अधिनियमाप्रमाणे जन्म वा मृत्यूची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. २०२१ ची जनगणना लांबणीवर पडल्यामुळे २०११ चे आकडे दीर्घकाळ वापरावे लागले; अशा काळात गावच्या नोंदवहीचे मोल वाढते. नोंदवहीतील वर्षभराचे जन्म अंगणवाडीच्या यादीशी ताडून पाहण्यास ग्रामसेवकाला व शिक्षकाला एक दुपार पुरते. दोन्हींत जी नावे जुळत नाहीत, त्या घरांपासून चौकशीला सुरुवात करता येते.