खाज त्वचेला, कारण पोळीत!



माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी सारखी कोपरं खाजवायची. मला वाटलं, खरूज असणार. इतर मुलांना होऊ नये म्हणून मी तिला वेगळं बसवलं. घरच्यांनी मलमं बदलून पाहिली, पण खाज जाईना. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी तपासण्या करून सांगितलं, "हिला गहू चालत नाही." वेगळं बसवल्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

हा आजार काय आहे?
गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. सिलिअॅक आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. काही जणांत याच गडबडीतून तयार झालेली प्रतिपिंडे त्वचेत साठतात आणि खाज सुटते. या त्वचाविकाराला डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस म्हणतात. अमेरिकन डॉक्टर लुई ड्यूरिंग यांनी 1884 मध्ये त्याचे वर्णन केले. नावात 'हर्पेटि' असले तरी हा नागीण किंवा कोणताही विषाणू नाही. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही.

कसा ओळखावा?
• कोपर, गुडघे, पार्श्वभाग, डोके यांवर बारीक पुरळ किंवा पाणीदार फोड; बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच.
• खाज खूप. फोड खाजवून फुटतात, उरतात फक्त ओरखडे. म्हणून इसब किंवा खरूज समजून चूक होते.
• पुष्कळांना पोटाची तक्रारच नसते, त्यामुळे पोळीवर कुणाला संशय येत नाही.

हा विकार मुलांपेक्षा मोठ्यांत जास्त दिसतो. आणि प्रत्येक खाज म्हणजे सिलिअॅक नव्हे, हेही लक्षात ठेवूया.

तपासणी व उपचार
रक्ततपासणी करतात आणि पुरळाशेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा छोटा तुकडा तपासतात. तपासणीआधी स्वतःहून गहू बंद करू नका, नाहीतर निदान चुकू शकते. डॉक्टर डॅप्सोन ही गोळी देतात, तिने खाज काही दिवसांत कमी होते. ती कुष्ठरोगावरही वापरतात, म्हणून नाव वाचून घाबरू नका. खरा उपाय मात्र आयुष्यभर ग्लुटेन टाळणे. त्वचा पूर्ण शांत व्हायला कित्येक महिने, कधी दोन वर्षेही लागतात. धीर धरावा लागतो.

डब्यात काय द्यावे?
चालते : ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा. म्हणजे आपली भाकरी आहेच! पण पीठ गव्हाच्या गिरणीवर दळू नका.
टाळा : पोळी, रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटे. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ असते, पाकीट वाचा.

वाढदिवसाला वर्गात केक वाटताना त्या मुलीसाठी मी आता राजगिऱ्याची चिक्की ठेवते. आणि ती बसते सगळ्यांच्या मधोमध.

आपल्या वर्गात कुणी सारखं खाजवत असेल, तर रागावण्याआधी पालकांशी बोला आणि डॉक्टरांकडे पाठवा.